डोकी आमची, धड जिताड्याचं

वाडीतून, शनिवार सकाळ

तीर्थस्वरूप थॉमसभावजी यांना सालोमीचा नमस्कार आणि जय ख्रिस्त.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे जिवंत आहेत. (हल्ली हातानं लिहिलेला कागद आला की माणूस आधी तेच विचारतो, म्हणून पहिल्या ओळीत सांगून टाकलं.) तुमचा गुडघा कसा आहे? लिफ्ट सुरू झाली का, की अजून सहा मजले चढताय? जाऊबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं आणि आता त्यांना भिंतीवरची पालसुद्धा दिसते, असं मालू कोळणीकडून कळलं. ऐकून बरं वाटलं, पालीचं सोडून. इकडे आमची लेक रिचेल आणि तिचं बाळ सुखरूप आहेत. बाळ रात्रभर जागतं, दिवसा झोपतं आणि कोणी उठवलं तर घर डोक्यावर घेतं, म्हणजे आजोबांवर गेलंय. सोनचाफा बरा फुललाय.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. मी फोन हातात घेतला की तुमचे बंधू शेजारच्या खोलीत एकदम शांत होतात आणि त्यांचे कान दाराच्या चौकटीला येऊन चिकटतात. व्हॉट्सअ‍ॅपचं नाव मी सोडलंय. मागे जाऊबाईंना खासगी म्हणून पाठवलेला यांच्या घोरण्याचा आवाज मी चर्चच्या महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता. त्यावर तिघींनी हात जोडले आणि एकीनं 'फारच हृदयस्पर्शी' असं लिहिलं. त्यामुळे हे पत्र मालूच्या हाती देतेय. ती वाडीत म्हावरं विकून झालं की रिक्षानं तुमच्या गोखिवऱ्यालाच येते. कागदाला बोंबलाचा वास आला तर क्षमा असावी.

उद्या बाळाचा बाप्तिस्मा आहे. धर्मपिता म्हणून तुमचं नाव रिचेलनं फादरांना केव्हाच दिलंय. तुम्ही येणार की नाही, हे तुम्ही कळवलेलं नाही. आणि ज्यानं विचारायचं तो माणूस वर्षभर तोंड शिवून बसलाय. रिचेल म्हणते, मोठे पप्पा आले नाहीत तर मी बाळाला घेऊन चर्चच्या पायरीवरूनच परत फिरेन. ती हे बोलली तेव्हा तिचे डोळे भरले होते. माझं काही म्हणणं नाही, दोन भावांच्या मधे मी पडत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

तरी झालं काय ते एकदा सांगते, कारण तुम्हाला ते फक्त तुमच्या बाजूनं माहीत आहे. मायला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सानंतर आपण जेवायला बसलो होतो. मायच्याच मोठ्या टोपात घोळ माशाचं कालवण होतं. डोकं थोरल्याला आणि शेपटीकडचा तुकडा धाकट्याला, हा मायचा नियम, त्यामुळे डोकं तुमच्या ताटात गेलं. तुमचे बंधू साठी ओलांडली तरी शेपटीच चघळत आलेत. त्या दिवशी ते म्हणाले की, माय गेली, आता हा नियमही जाऊ दे. त्यावर तुम्ही म्हणालात, ज्यानं जन्मात एक बोय मासळी पाण्यातून काढली नाही त्यानं डोक्याची भाषा करू नये. (तुम्हीही काढलेली नाही. आपण वाडीवाले, शेती-बागेतली माणसं. समुद्र हाकेच्या अंतरावर असून आपल्यात कोणी पाय धुण्यापलीकडे त्यात उतरलेलं नाही. पण मी मधे पडत नाही.) हे खरकटा हात तसाच घेऊन उठले आणि म्हणाले, 'मी स्वतः धरलेला मासा तुझ्या ताटात वाढीन, तेव्हाच तुझ्याशी बोलेन.' उरलेलं कालवण तुम्ही टोपासकट गोखिवऱ्याला नेलंत. अबोला आमच्याकडे राहिला.

दुसऱ्याच दिवशी यांनी गळ, दोरी, रीळ, काठी आणि एक टोपी आणली. टोपीला मागे मानेवर पडदा आहे. आयुष्यभर तुळिंजच्या शाळेत पोरांना कवायत शिकवलेला माणूस, त्यामुळे तयारीही तशीच: पहाटे अंगणात काठी फेकायचा सराव, एक-दोन, एक-दोन. पहिल्या आठवड्यात चाफ्याचं झाड, वाळत घातलेली माझी साडी आणि शेजारच्या प्रिसिलाची कोंबडी गळाला लागली. कोंबडी सुखरूप आहे, पण ती आता आमच्या कुंपणाकडे बघतही नाही.

यापुढे घरात म्हावरं विकत घ्यायचं नाही, असंही यांनी जाहीर केलं, आणि तेही थेट मालूसमोर. भावजी, आपली कोळीण म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. मालूची सासू आपल्या सासूला म्हावरं द्यायची, त्या सासूची सासू तिच्या सासूला. एक वेळ चर्च बदलता येईल, कोळीण बदलता येत नाही. मालूनं पाटी डोक्यावर चढवली आणि म्हणाली, 'मासा पान्यात आन् मसाला पाट्यावर. वाटा, मास्तर, वाटा.' तेव्हापासून ती रोज येते, ओटीवर बसते, चहा पिते आणि पाटीवरचं फडकं न काढता निघून जाते. महिनोन्‌महिने आमच्याकडे वांगं शिजतंय.

तर पाचूबंदरच्या जेट्टीवर हे जायला लागले. तिथं गळ टाकणाऱ्यांची एक मंडळीच आहे. जूचंद्रचा हरेश परदेशी काठी घेऊन येतो, आणि बेनेडिक्ट नावाचे म्हातारे कोळी नुसत्या हातानं दोरी सोडतात. पहिले काही दिवस यांना काहीच लागलं नाही. मग एक दिवस लागलं. दोरी ताणली, काठी वाकली, हे ओरडले, सगळे धावले. बोय पाण्यावर आली, चांगली हातभर, चांदीसारखी. आणि ती उचलायच्या आतच पाण्यात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला, दोरी हलकी झाली आणि वर आलं ते बोयचं डोकं. कल्ल्यापाशी साफ कापलेलं. डोळे उघडे, तोंडात गळ, चेहऱ्यावर तुमच्या बंधूंच्या चेहऱ्यावर होतं तेच आश्चर्य.

बेनेडिक्ट म्हणाले, 'जिताडा हाय. खांबाखाली राहतो. मोकला मासा पलतो, त्याच्यामागं कोन दमंल? गरीला लागलेला कुठं पलनार?' म्हणजे तो जिताडा, एवढा मोठा शिकारी मासा, शिकार करायचं सोडून जेट्टीखाली आयता बसलाय. वर रीळ फिरल्याचा आवाज आला की तो जेवायला येतो. (कुकरची शिट्टी झाली की येणारे नातेवाईक मला आठवले. नावं लिहीत नाही, कागद मालूच्या हाती आहे.) जेट्टीवर सगळ्यांचं हेच चाललंय. हरेशची काठी परदेशी असली तरी डोकं देशीच येतं. पण बाकीचे हसतात आणि पुन्हा गळ टाकतात. यांना मात्र हसणं परवडत नाही, कारण बाकीच्यांना कोणाच्या ताटात वाढायचं नसतं.

मग उपाय सुरू झाले. पहिला उपाय वेगाचा. मासा लागताच असा हिसका द्यायचा की जिताड्याला पत्ता लागू नये. त्या हिसक्यानं शिंगाळा पाण्यातून जो उडाला तो हरेशच्या उघड्या डब्यात पडला. धरलेला मासा म्हणून तो यांनी मागितला, आणि डब्यात पडलेला मासा डब्याच्या मालकाचा, असा हरेशनं निकाल दिला. दुसरा उपाय दोन गळांचा. एका गळाला लागलेला मासा जिताड्यासाठी सोडून द्यायचा आणि तो जेवत असताना दुसरा ओढायचा. त्यानं पहिला खाल्ला, दुसरा खाल्ला आणि पहिल्याचं उरलेलं डोकंही नेलं. तिसरा उपाय चकाकणारी वस्तू सोडून त्याचं लक्ष वळवायचं. त्यात माझी वाढायची पळी गेली. चौथ्या वेळी मासा लागला आणि पाण्यात ती सावली दिसली, तेव्हा यांनी खिशातून शाळेची शिट्टी काढली आणि ती फाऊल झाल्यासारखी जोरात फुंकली. जिताडा थांबला नाही. पण पलीकडे होडीत चढणारं एक लग्नाचं वऱ्हाड सगळं जागच्या जागी थांबलं, आणि नवरदेवानं हात वर केले.

तुम्हाला हसू येत असेल. मलाही येतं, पण तोंड पदरात घालून. कारण रोज दुपारी हा माणूस मागच्या दारानं घरात येतो, पिशवी मोरीत ठेवतो आणि अंगावर पाणी घेतो. पिशवीत डोकं असतं. एकदा मी म्हटलं, टाकून तरी या मांजराला. तर म्हणाले, माझ्या हातानं धरलेलं आहे, मांजराला का? मग मी ती डोकी धुऊन, मीठ-हळद लावून बर्फाच्या खणात ठेवायला लागले. आता तिथं एवढी डोकी झालीत की रिचेल बर्फ काढायला गेली की आधी क्रुसाची खूण करते. अर्धा मासा म्हणजे मासा नव्हे, असं यांचं म्हणणं आहे. रात्री जेवताना ते वांग्याकडे बघतात, मग तुम्ही बसायचात त्या खुर्चीकडे बघतात, आणि पाणी पिऊन उठतात. वर्षभर ती खुर्ची यांनी कोणाला हलवू दिलेली नाही.

असो. आमची खुशाली ही अशी. जाऊबाईंना नमस्कार सांगा. गुडघ्याला तिळाचं तेल लावा, पण लिफ्टची तक्रारही करा, नुसत्या तेलानं मजले कमी होत नाहीत.

आपली नम्र,
सालोमी

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. काल बर्फाचा खण साफ करताना माझ्या लक्षात आलं की, यांनी शपथ घेतली ती मासा तुमच्या ताटात वाढण्याची. आणि तुमच्या ताटात मायच्या नियमानं आजवर पडलंय ते फक्त डोकंच. धड, पोट, शेपूट यांचा तुमच्याशी कधी संबंध आलेलाच नाही. म्हणजे तुमच्या वाट्याचा मासा आमच्याकडे पुरा तयार आहे, उलट जास्तच आहे. तर उद्या या, बाळाला हातात घ्या, आणि जेवताना वाटीत डोकी आली की मुकाट्यानं खा. बाकीचा मासा कुठे, एवढं मात्र विचारू नका. मी मधे पडत नाही, फक्त वाढणार आहे.

ता. क. दुसरा. मालूचा दुसरा चहा चालू आहे, म्हणून लिहिते. हे आत्ता आलेत, आणि आज पुढच्या दारानं. बरोबर हरेश आणि बेनेडिक्ट, तिघांच्या मधे एक गोणपाट आणि गोणपाटात काहीतरी जड. सकाळी यांच्या गळाला बोय लागली, नेहमीप्रमाणे जिताडा तिच्यावर आला, पण या वेळी डोक्यासकट अख्खी तोंडात घेतली आणि गळ त्याच्याच जबड्यात रुतला. हरेशनं यांची कंबर धरली, बेनेडिक्टनी हरेशची धरली. बराच वेळ ओढाताण झाली, यांचे दोन्ही तळहात सोलले. जिताडा पाण्यावर आला, सगळ्यांनी पाहिला, तुमच्या मांडीएवढा जाड होता म्हणतात. आणि तेवढ्यात पुन्हा पाणी फुटलं. दोरी हलकी झाली. वर आलं ते जिताड्याचं डोकं, तोंडात बोय तशीच. जिताड्याला कोणी खाल्लं हे कोणालाच माहीत नाही. बेनेडिक्ट एवढंच म्हणाले, 'मास्तर, आता पान्यात पाय सोडून बसू नका.'

हे ओटीवर बसलेत आणि डोक्याकडे बघतायत. मला वाटलं रडतील, पण हसायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा. मालूनं पाटीवरचं फडकं काढलंय आणि कोयत्यानं कल्ले साफ करायला बसलीय. कोणी सांगितलं नाही तिला.

ता. क. तिसरा. मूळ काम तर राहिलंच. हे डोकं माझ्या एकाही भांड्यात मावत नाही. कुकरचं तर नावच नको. घरात आजवर एकच भांडं एवढं मोठं होतं, ते कुठे आहे तुम्हाला माहीत आहे. पत्र मी मिटतच होते, तर यांनी हातातून ओढून घेतलं आणि पहिल्यापासून वाचलं (घोरण्याचं वाचून माझ्याकडे पाहिलं). मग पेन मागितलं. म्हटलं, तुम्ही तर बोलणार नव्हतात. तर म्हणतात, बोलणार नाही म्हटलं होतं, लिहिणार नाही असं कुठे म्हटलं? पुढचं अक्षर त्यांचं. हात सोललाय, म्हणून वेडंवाकडं आहे.

दादा, मायचा टोप घेऊन ये. झाकण विसरू नको. डोकं एकच आहे, दोघांना पुरेल. शेपूट या वेळी कोणालाच नाही.