तिसऱ्या अंकातलं द्वंद्वपद

१९ नोव्हेंबर ९३, शुक्रवार. लातूर

आजही अंगणातच झोपलो. पहाटे पुन्हा एक धक्का. पत्रे वाजले, कुत्री भुंकली, बस्स. शेजारचे उठलेसुद्धा नाहीत. मी उजाडेपर्यंत बसून. भूकंपाला दीड महिना होऊन गेला, लोक सरावले. माझं उलटंच चाललंय. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखा जातो, चहा घेतो की बाहेर. शाळेतही व्हरांड्यातच शिकवतो. तसे गाण्याचे तास उरलेत किती? हेडमास्तरांनी सगळे गणिताला देऊन टाकले. अख्ख्या गावाला डॉक्टर व्हायचंय.

नांदेडहून गफूरभाईंचा निरोप आला, एसटीच्या कंडक्टरबरोबर. भूकंपग्रस्तांच्या मदतीसाठी तिकडे आपल्या संगीत नाटकाचा प्रयोग ठरलाय, रविवारी तालमीला येतो, ऑर्गन पुसून ठेवा. कमल खूश. नायिका माझी ही बायको, नायक गफूरभाई, ऑर्गनवर मी, पहिल्यापासून असंच. भूकंपाच्या त्या पहाटेनंतर आज पहिल्यांदा ती भाकरी थापताना गुणगुणली. मी विचारलं, प्रयोग मांडवात का? "थेटरात," म्हणाली. "छत असतंय थेटराला."

२१ नोव्हें., रवि.

तालीम एका क्लासच्या खालच्या हॉलमध्ये. पूर्वी इथं धान्याचं गोदाम होतं, आता वर केमिस्ट्रीच्या बॅचा.

तिसऱ्या अंकातलं द्वंद्वपद घेतलं. नायक मोहिमेवर निघालाय. ती अडवत नाही, परत कधी येणार एवढंच विचारते. कमल अगदी खालून सुरू करते, बोलल्यासारखी. ओळ संपता संपता तिचा श्वास सरतो आणि नेमका तिथून गफूरभाई सूर उचलतात. एकाचा संपला कुठे, दुसऱ्याचा लागला कुठे, वीस वर्षं वाजवतोय, मला सापडलेलं नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. दिवसभर मशीनवर शाळेचे गणवेश शिवतो, पुढचे दोन दात पडलेत. पण तिच्याकडे वळून नाटकातल्या नावानं हाक मारतो तेव्हा पंचविशीतला दिसतो. आणि आमची कमल, गुडघे धरलेले, चष्मा काढून ठेवलेला, ती लाजते. खरोखर लाजते. हेवा कधी वाटला नाही. अशा दोघांच्या पायाशी बसून वाजवायला मिळतं, हेच फार.

आणि आज ऐन पदात...

वरची बॅच सुटली. पोरं एकदम उठली, बाक सरकले, छत गडगडलं. मला वाटलं, आलाच. ऑर्गन टाकून, अनवाणी, थेट रस्त्यावर. जिन्यावरच्या पोरांनी मला पळताना पाहिलं आणि तीही भूकंप भूकंप म्हणत सुटली. मग सगळी गल्लीच बाहेर. एका मुलीचा पाय मुरगळला. पायरीवर बसून रडत होती, आई आई करत. भूकंपातल्या गावची असणार. तिच्याकडे बघवेना.

आतून पद ऐकू येत होतं. दोघं गातच होती. ऑर्गन नाही, तबलजी तर माझ्या मागोमाग पळालेला. इतकं सुंदर मी ते कधी ऐकलं नव्हतं. रस्त्यात उभं राहून ऐकलं.

२२ सोम.

कमल सकाळपासून कामात. वाढलं, पाणी दिलं. शेवटी मीच म्हणालो, चुकलं माझं. गफूरभाईंनी सूर धरून ठेवला म्हणून तू उभी राहिलीस, नाहीतर तूही पळालीच असतीस.

"पळालात त्याचं काय न्हाई," म्हणाली. "हाक तरी मारायची."

आमच्यात नवरा बायकोचं नाव घेत नाही. 'अगं', 'ऐकलं का', एवढ्यावर संसार झाला. वहीत कमल लिहितो, तोंडानं कधी नाही. पण काल 'अगं'सुद्धा निघालं नाही. खरा धक्का आला असता तर? तर मी रस्त्यावर आणि ती... जाऊ दे. लिहवत नाही.

२५ गुरु.

किराणा दुकानात गफूरभाईंचा फोन. म्हटलं, तिकडचाच कुणी वाजवणारा बघा, माझ्यानं छताखाली बसवणार नाही. आधी हसले. मग म्हणाले, "मास्तर, दम पुरंना आता. ह्या खेपेनंतर मी उभा राहत न्हाई. तुमचा बाजा असला तर गातो, नाहीतर ते पद गाळून टाकू."

घरी येऊन सांगितलं. कमल तुरीची डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, गाळू मग. डाळ निवडतच राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. जमिनीची भीती वेगळी, तिच्या न भांडण्याची वेगळी. ह्या भीतीला अंगण पुरत नाही.

जाईन म्हणालो. तिनं ऐकलं, खडा बाजूला टाकला.

२८ रवि.

तालीम. ऑर्गन दाराशी मांडला. हात ठीक आहेत, घात पाय करतात. भाता पायांनी चालतो. पाय थरथरले की हवा तुटते, सूर हलतो. कमलची ओळ दोनदा विसकटली. गफूरभाई उठले. वर जाऊन क्लासच्या सरांना भेटून आले. बॅच सुटली ती एकेक बाक करून, हळू. तरी माझी नजर छतावर.

४ डिसें., शनि. नांदेड

एसटीनं आलो. दुपारी गफूरभाईंकडे जेवण. त्यांच्या बीवीनं आग्रह करकरून वाढलं. मग थिएटर पाहिलं. जुनं, उंच छत, लाकडी तुळया. ऑर्गन रंगमंचापुढच्या खड्ड्यात, दारं पार मागे. पळायचं तर सगळ्या खुर्च्या ओलांडून. कमलला म्हणालो, पोट बिघडलंय, उद्याचं काही सांगता येत नाही. तिनं पिशवीतून ओवा काढून दिला. माझ्याकडे बघितलंही नाही.

५ डिसें., रवि.

दुपारचा प्रयोग; रात्री लोकांना परतायला एसटी नसते. दोन अंक झाले. खड्ड्यातच बसून लिहितोय. बाहेर गेलो तर परत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. मघाशी मालगाडी गेली, तुळई करकरली. बसून राहिलो कसा, माहीत नाही.

आत्ता कमल रंगमंचाच्या कडेला येऊन वाकली. शालू, गजरा, तोंडाला रंग.

"जमीन हलली तर पळा," म्हणाली. "मी राग धरणार न्हाई. पण मला हाक मारून पळा."

काय म्हणून मारू, विचारलं.

"माझ्या नावानं. दुसरं काय म्हणून?"

गेली. पडद्याआड गफूरभाई खोकतायत, बराच वेळ. दम काढून ठेवतायत पदासाठी.

मी हळूच तिचं नाव म्हणून बघितलं. ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा म्हटलं. या वेळी थोडं आलं असावं, कारण तबलजी वळून म्हणाला, "काय म्हणालात?" काही नाही म्हणालो.

घंटा झाली. पाय भात्यावर ठेवलेत. थरथर आहेच. माझी की जमिनीची, ते कळत नाही. नाव ओठांवर धरून वही मिटतो.