तेहेतिसावं ताट

५ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र उभ्याउभ्याच लिहायला घेतलंय, बसवतच नाहीये. तुझी धाकटी बहीण सेवा क्लबची सभासद होणार आहे. होणार म्हणजे, बहुतेक.

तुला माहीतच आहे, नऊ वर्षं दर बुधवारी वाचनालयामागच्या हॉलमध्ये मी त्यांच्या सभेचं जेवण करते. बत्तीस सभासद, बत्तीस ताटं. कधी एक कमी पडलं नाही. ते जेवत गावाच्या भल्याचं ठरवतात आणि मी वाढायच्या खिडकीआडून ऐकते. डोळेतपासणी काय, रक्तदान काय, सगळं मला तोंडपाठ.

काल विषय होता वाचनालयाच्या पायऱ्यांचा. चाकांच्या खुर्चीतून येणाऱ्यांसाठी पुढच्या दाराशी उतार बांधायचा होता. बांधकामवाले साहेब नकाशा पसरून समजावत होते आणि मला काही राहवेना. तिथे सात पायऱ्या आहेत, उतार कसला, घसरगुंडीच व्हायची. माझ्या स्वयंपाकघराच्या दाराला दोनच पायऱ्या, आणि आत आलं की वाचनालय डाव्या हाताला. हातात डाव धरून खिडकीतून मी हे सगळं बोलून मोकळी झाले.

अख्खा हॉल वळून बघायला लागला. अध्यक्षबाईंनी, म्हणजे आमच्या कोपऱ्यावरच्या औषधवाल्या बाईंनी, घंटा वाजवली. म्हणाल्या, सभेत फक्त सभासदांना बोलता येतं. माझे कान तापले. मी खिडकी ओढून घेणार तोच त्या पुढे म्हणाल्या, की मग हिला सभासदच करून घेऊ आणि नीट ऐकू.

आता माझं नाव दोन आठवडे फळ्यावर राहणार. कुणाची लेखी हरकत आली नाही तर अठरा तारखेला कॉलरवर बिल्ला, आणि उताराचं मतदानही त्याच दिवशी. दादा, मला तो बिल्ला हवाय. खोटं कशाला बोलू, फार हवाय.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच तुझा, आणखी थोडा वाढला तर नको म्हणणार नाही.

तुझी,
धाकटी

८ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

नऊ वर्षं तू गप्प राहून ऐकत होतीस, हे वाचून तुझ्या वहिनीने चष्मा पुसला आणि पत्र पुन्हा वाचलं. तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

उभ्याने लिहिलंस ते अक्षरावरून कळलंच. लहानपणीही सगळ्यांचं वाढून झालं की तू ओट्याशी उभी राहून जेवायचीस. बिल्ला मिळाला तर निदान बुधवारी तरी बूड टेकशील.

आता शिंप्याचा प्रश्न. बिल्ला लावणार कुठे? तुझ्या एप्रनला कॉलर नाही. मी कोट शिवायला घेतोय. खांद्याचं माप आहे माझ्याकडे, कमरेचं जुनं झालं असेल. खरं काय ते कळव, लाजू नकोस. आणि फार हुरळू नकोस बाई. बत्तीस जणांत खोडा घालणारा एखादा निघतोच. तुझा पडलेला चेहरा मला इतक्या लांबूनही दिसतो.

आमची माया तुला ठाऊकच आहे, ती काही मापाने द्यायची नाही.

तुझा,
दादा

१२ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या तोंडात साखर पडो म्हणायची सोय नाही. हरकत आली. लेखी, बंद पाकिटात, दातांच्या डॉक्टरांची. नऊ वर्षं ज्या माणसासाठी मी वरचे खरपूस बटाटे बाजूला काढून ठेवते, त्याची. काय लिहिलंय ते अठरा तारखेलाच वाचणार.

काल त्यांना मी मुद्दाम करपलेला बटाटा वाढला. त्यांनी तो मुकाट्याने खाल्ला आणि मलाच वाईट वाटलं. मी स्वयंपाकीणच बरी, असं त्यांना वाटत असेल का रे? सगळ्यांसमोर ते वाचलं जाण्यापेक्षा नाव मागे घ्यावं, असं काल दहा वेळा मनात आलं.

कमर दोन इंच वाढली आहे. वहिनीला सांगू नकोस. तुमची माया पाठीशी असू दे, आत्ता तिचीच गरज आहे.

तुझी,
धाकटी

१५ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

कोट सोबत पाठवतोय. कॉलरमध्ये दुहेरी कॅनव्हास घातलंय, बिल्ला वाकणार नाही. कोट शिवून झाल्यावर माघार घ्यायची नाही, असा आमच्या धंद्याचा नियम आहे. आजच केलाय.

कापड वहिनीनेच कापलं, त्यामुळे ते दोन इंच तिला कळले. माफ कर. तिचा निरोप आहे, की डॉक्टर काहीही लिहोत, तू मान वर ठेवून ऐक.

आम्ही दोघं तुझ्या बाजूचे, हे विसरू नकोस.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

झाले. मी सभासद झाले. आता सगळं क्रमाने सांगते, मध्येच घाई करू नकोस.

कोट घातला, वर एप्रन बांधला, सूप, पाव, बटाटे वाढले. घंटा वाजली. अध्यक्षबाईंनी मला बाहेर बोलावलं आणि पाकीट फोडलं. आत एकच ओळ होती. बाई सभासद झाल्या तर बुधवारचं जेवण कोण करणार, सभेने आधी याचं उत्तर द्यावं.

हॉल हसून लोळला. मी नाही हसले. आठवडाभर माझ्या जिवाला घोर आणि या माणसाला बटाट्यांची काळजी. मी सांगितलं, रांधीन मीच, ते मला आवडतं. पण घंटा वाजली की मी टेबलाशी बसणार, आणि मग ज्याने त्याने आपल्या हाताने वाढून घ्यायचं. डॉक्टर लाल झाले आणि त्यांनी हरकत तिथल्या तिथे मागे घेतली. बिल्ला लावायला अध्यक्षबाईंना एप्रनमुळे कॉलर सापडेना. शेवटी बांधकामवाल्या साहेबांनी मागून माझी गाठ सोडली. कॉलर बघून तीन जणांनी शिंपी कोण म्हणून विचारलं.

मग मला मानाने खुर्चीवर बसवलं. बसले, आणि बघते तर माझ्यापुढे ताटच नाही. दादा, नऊ वर्षांत पहिल्यांदा ताट कमी पडलं. सकाळी मीच मोजून बत्तीस मांडली होती. कोट घालून, आरशात दहादा बघून आले, आणि मला मोजायचंच विसरले. कपाटात जादा एकही नाही, क्लबची ताटंच मुळात बत्तीस.

तेवढ्यात डॉक्टर उठले. स्वतःचं ताट घासून पुसून आणलं, वरचे खरपूस बटाटे त्यात वाढले आणि माझ्यापुढे ठेवलं. स्वतः उरलेल्या बटाट्यांच्या ट्रेमध्येच जेवले, आणि मजेत जेवले. माझ्या डोळ्यांना धार लागली. तेवढ्यात उताराचं मत घेतलं. स्वयंपाकघराच्या दारासाठी पहिला हात माझा, त्यात काटा तसाच. ठराव एकमताने मंजूर.

नव्या सभासदाला दुसऱ्या आठवड्यात एक पाहुणा आणता येतो. येशील? असाच जीव लावत राहा.

तुझी,
धाकटी (सभासद)

२२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वहिनीला मोठ्याने वाचून दाखवत होतो. ताटापाशी आलो आणि पुढे वाचवेना.

आपण घरी पाच माणसं. तू रोज चार ताटं मांडायचीस. मला वाटायचं, तुला भूक उशिरा लागते. आपल्या घरात कुणी मोजलं नाही, आणि मोठा भाऊ असून मीही मोजलं नाही. परक्या दातांच्या डॉक्टरला जे सुचलं ते मला सुचलं नाही, याची मला लाज वाटते.

बुधवारी येतोय. तुमच्या कपाटात बत्तीसच आहेत ना, म्हणून दोन ताटं घेऊन येतो. घंटा झाली की तू बस, कोट चुरगळू देऊ नकोस. तुझं मी वाढीन.

बाकी माया समक्ष.

तुझा,
दादा