ब्रेकवर आई

ती. दादास,

साष्टांग नमस्कार (सकाळभर गाडीखाली आडवीच होते, त्यामुळे हा अगदी खराखुरा समज). तुझी कंबर कशी आहे? माझी विचारू नकोस.

बाबांच्या गाडीचा ब्रेक हल्ली उशीवर पाय ठेवल्यासारखा खाली जायचा. बाबा गेल्यापासून ब्रेक ऑइल कुणी बदललंच नव्हतं; पार काढ्यासारखं काळं झालं होतं. मेकॅनिक म्हणाला, "भंगारात द्या आता." आईचा चेहराच उतरला. मग मीच पदर खोचला (पँटला पदर नसतो, पण आवेश तोच).

काम तसं सोपं. एकीने आत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसरीने चाकामागचा स्क्रू सैल करून जुनं तेल आणि हवेचे बुडबुडे नळीतून बाटलीत काढायचे, स्क्रू आवळायचा, आणि मगच पहिलीने पाय उचलायचा. दाबायला आई बसली. आठवतं ना, बाबा गाडीखाली, आई ब्रेकवर, नुसतं "दाब! धर! सोड!" चालायचं आणि आपण पायरीवर बसून खिदळायचो? जन्मात बाबांचं तिने तेवढंच ऐकलं असेल.

माझं तेवढंही ऐकेना. स्क्रू उघडा असतानाच शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय चाललंय?" आणि आई सांगायला चक्क खाली उतरली! काढलेली सगळी हवा परत आत. मी ओरडले, "आई, धर म्हटलं ना!" तर म्हणते, "असं खेकसून नाही व्हायचं. ते आधी विचारायचे, 'धरलंस का गं?' मी 'धरलंय' म्हटल्याशिवाय स्क्रूला हात लावायचे नाहीत."

मग मीही विचारलं, "धरलंस का गं?" पुन्हा उतरली की काय म्हणून डोकं बाहेर काढलं, तर स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट पकडून, डोळे मिटून बसलेली. तशीच म्हणाली, "धरलंय हो."

दादा, तो 'हो' माझ्यासाठी नव्हता. मी पुन्हा गाडीखाली शिरले. चारही चाकं होईपर्यंत मग एकदाही चुकली नाही. ब्रेक आता दगडासारखा टणक लागतो.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
धाकटी

ता. क. येत्या रविवारी आम्ही दोघी त्याच गाडीतून तुझ्याकडे येतोय. ब्रेक उत्तम आहेत. तरी फाटकाजवळच्या कुंड्या आत घे.

आणखी एक ता. क. गाडी आई चालवणार आहे. नुकतीच शिकली. फाटकात उभा राहून "या वयात कशाला?" म्हणू नकोस, एवढं सांगायलाच खरं तर हे पत्र. (फाटकात उभा तर मुळीच राहू नकोस.)