एल.एल.बी.चा प्रवेश आणि माझी दोन नावं

८ जुलै, मंगळ.
आजपासून लिहून ठेवणार. कारण प्रवेश केंद्रातल्या माणसाने तोंडावर सांगितलं, "काकू, तुम्ही शनिवारी आलाच नव्हता." आले होते. अकराला, पाऊण तास उभी होते. पण लिहिलेलं काही नव्हतं माझ्याकडे. यापुढे तारीख, वेळ, माणूस, सगळं इथे.
मुद्दा: एल.एल.बी.चा अर्ज परत आला. दहावी आणि बी.ए.च्या गुणपत्रिकांवर सुमन काशिनाथ. अर्जावर आणि आधारवर वनिता यशवंत. "कागदावर या दोन वेगळ्या बायका आहेत," तो म्हणाला. एकच आहे हे सिद्ध करायला १८ तारखेपर्यंत मुदत. नाहीतर अर्ज बाद.
छप्पन्नाव्या वर्षी प्रवेश परीक्षा दिली, गुण बरे पडले, आणि अडकले ती नावावर.

९ जुलै, बुध.
चूक माझीच. अर्जावर ठळक छापलंय: नाव दहावीच्या दाखल्याप्रमाणे. हेच वाक्य शिकवणीच्या मुलांना पंचवीस वर्षं ओरडून सांगतेय. पण एकतीस वर्षांत 'सुमन' कुठे लिहिलंच नाही. हात आपोआप वनितावर गेला.
लग्नात नाव बदललं ते सासूबाईंचं नावही सुमन म्हणून. नवऱ्याने बायकोला हाक मारायची तर आईचं नाव तोंडात येणार. आमच्या गावात, सारसोळ्यात, ते चाललं नसतं. तांदळात अंगठीने वनिता लिहिलं, पेढे वाटले. एल.एल.बी.चं पहिलं वर्ष तेव्हाच सुटलं. त्याबद्दल मी कुणाला कधी काही…
असो.
ऋतुजाला फोन केला. लेक ऐरोलीत नोकरीला, तिला वाटतं सगळं फोनवर होतं. "मम्मी, सिंपल आहे. मॅरेज सर्टिफिकेट स्कॅन करून टाक."
सर्टिफिकेट कधी काढलंच नाही, म्हटलं.
"म्हणजे तू आणि पप्पा लिव्ह-इनमध्ये आहात?"
फोन ठेवला.

१० जुलै, गुरु.
विभाग कार्यालय, १०.२०. लग्ननोंदणीचा अर्ज घेतला. नवरा-बायको दोघं हजर हवीत, तीन साक्षीदार, पत्रिका, फोटो. पत्रिका सापडेल. अडलं ते भटजीच्या रकान्यात.
"लग्न कोणी लावलं?"
"धवलारणीने."
टेबलावरची मुलगी बघत राहिली. सांगितलं, आमच्यात लग्नाची गाणी म्हणणारी बाई विधी करायची. आमच्या लग्नाला भटजी नव्हतेच. जनीमावशीने उभं राहून सगळं केलं.
"मग त्यांची सही आणा."
"वारली ती."
आत जाऊन साहेबांना विचारून आली. प्रतिज्ञापत्र चालेल. पण साक्षीदारांपैकी एक जण लग्नाला हजर असलेला हवा. आणि नवऱ्याशिवाय काहीच होणार नाही, हे दोनदा सांगितलं. जणू मी एकटीच नोंदवायला निघाले होते.

११ जुलै, शुक्र.
यांना जेवताना सांगितलं.
"आता लग्न नोंदवायचं? गावात कळलं तर दुकानात येऊन विचारतील, हळद कधी."
"विचारू देत."
"आणि वकील झालीस की पहिली केस कोणावर? माझ्यावर?"
"तुम्ही कसे वागता त्यावर."
हसले. पण येतो म्हणाले नाहीत. "सोमवारी माल यायचाय. टेन्शन घेऊ नकोस. बघू." यांच्या 'बघू'चा अनुभव आहे मला. त्यातून आजवर फक्त फ्रिज आला.

१४ जुलै, सोम.
साडेदहापर्यंत साडी नेसून बसले. हे आठलाच दुकानात निघून गेलेले. फोन केला, "अगं, टेम्पो आलाय." दुकान चार पावलांवर, पण गेले नाही. चारचौघांत भांडायला मी कोणी…
शिकवणीत आठवीच्या पोरांवर उगाच ओरडले. एकाला तोच पाढा तीनदा म्हणायला लावला. बरोबर म्हणत होता.
आईंनी (सासूबाई) संध्याकाळी विचारलं, नवी साडी नेसून घरातच कशी. सांगितलं. मुदतीचे चारच दिवस उरलेत, तेही.

१५ जुलै, मंगळ.
हे दुकानाची किल्ली घेऊन निघाले, तर आई दारात, चपला घालून, काठी घेऊन.
"टेंपो येल नं जाल. मी साक्षीला चाल्लंय. तू येतस का तुजे लग्नाला?"
आले. दुकानातला जोडीदार आणि शेजारच्या वहिनी मिळून तीन साक्षीदार झाले. कार्यालय, ११.१०. साहेबांनी आईंना विचारलं, लग्न तुमच्यासमोर झालं का.
"माज्यासमोर कसा? मीच तं केला. सुमन बी हीच, नं वनिता बी हीच. दोगींना मीच ओलखतंय."
अंगठा दिला. फोटोसाठी यांना सरकून बसा सांगितलं, तर हे दुसरीकडे सरकले. परवा सर्टिफिकेट.

१८ जुलै, शुक्र.
काल सर्टिफिकेट हातात आलं. रात्री सर्व्हर बंद. आज दु. ४.४० ला एकदाचं अपलोड. मुदत पाचची. 'प्रलंबित' असं पिवळ्या अक्षरात आलं. ऋतुजा म्हणते हिरवं होईल. कधी?

२१ जुलै, सोम.
पिवळंच.

२४ जुलै, गुरु.
हिरवं. गुणवत्ता यादीत नाव आहे. आता कॉलेज कुठलं लागतं ते बघायचं, म्हणजे पुन्हा थांबायचं. थांबणं मला जमत नाही. माळा साफ केला, पडदे धुतले, वाळत नाहीत.
शिकवणीला येताना मुलांचे फोन मी ड्रॉवरमध्ये ठेवून घेते. आज स्वतःचा मांडीवर, टेबलाखाली. आठवीतल्या साक्षीने पकडलं. "टीचर, तुमचा पण ठेवा ना." ठेवला. न्याय आहे. तास संपेना.

१ ऑगस्ट, शुक्र.
लागलं. दुसरी पसंती, वाशीचं. सकाळची बॅच. स्क्रीन तीनदा बघितली. मग डाळीला फोडणी दिली, कारण गॅस चालू होता.
हे: "माझा डबा?"
"रात्रीच भरून ठेवीन. सकाळी गरम करा."
"मी?"
"गॅस कुठे असतो ते दाखवते."
नंतर स्वतःच जाऊन जिलबी घेऊन आले.

४ ऑगस्ट, सोम.
कॉलेज, ९.३०. कार्यालयातल्या बाई भल्या, पण नियमावर बोट. लग्नाच्या सर्टिफिकेटने आडनाव बदललेलं सिद्ध होतं, पहिलं नाव नाही. दोन वाटा: राजपत्रात वनिता छापून आणायचं, नाहीतर आधारवर पुन्हा सुमन करायचं. तीस दिवस. तोवर प्रवेश तात्पुरता. नाही जमलं तर रद्द.
घरी सांगितलं. हे लगेच, "वनिताच ठेव. इतकी वर्षं झाली. मी तुला सुमन कशी हाक मारू?"
"वनिता तरी कधी मारलीत? 'अगं'च म्हणता."
आठवत बसले. एकही प्रसंग सापडला नाही.
आई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "व्हय तू सुमन. मना आता समदी आयच म्हंतान. नाव नुसता परून हाय."
त्यांची जुडी ओढून घेतली, निवडून दिली. मला सुमन होता येईल का, मलाच माहीत नाही. ती पंचवीस वर्षांची होती, फार बोलायची. वनिता हिशेबी आहे, पण परीक्षा तिने दिली.

५ ऑगस्ट, मंगळ.
कॉलेज, १०.०५. जमा केलं, सर्व मूळ:
दहावी, बारावी गुणपत्रिका.
बी.ए. गुणपत्रिका, तिन्ही वर्षं. पदवी प्रमाणपत्र.
कॉलेज सोडल्याचा दाखला. एकच प्रत, कडा फाटलेल्या.
विवाह नोंदणी प्रमाणपत्र.
शिक्षणात पडलेल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र. कारण: "घरगुती". बाई म्हणाल्या, सगळ्या हेच लिहितात.
तीस दिवसांचं हमीपत्र.
फोटो चार.
पोच मिळाली. विद्यार्थ्याच्या नावाचा रकाना बाईंनी कोरा ठेवला. ठरलं की या, म्हणाल्या. वर्ग सोमवारपासून, सव्वासातला.