'मुरणे' या क्रियापदाविषयी खुलासा

तीर्थरूप दाजींस साष्टांग नमस्कार.

आपल्या डाव्या गुडघ्याची विचारपूस प्रथम करतो. उजव्याविषयी आपण मागील पत्रात समाधान व्यक्त केले होते, सबब त्यास केवळ नमस्कार. ताईस सांगावे की तिचा भाऊ खुशाल असून गावात सध्या त्याच्याशी तीनच माणसे बोलतात, पैकी एक पत्नी आहे (तीही कामापुरतीच).

आमच्या गावास सरकारी खर्चाने पाण्याची योजना मंजूर झाली, हे आपणांस ठाऊक आहेच. उंच टाकी उभी राहिली, आमच्या आळीपुरते नळ आले. उरलेल्या पाच आळ्यांची जलवाहिनी अनुदानाच्या दुसऱ्या हप्त्यावर अवलंबून आहे, आणि तोवर तिथल्या बायका टँकरमागे धावतात. समितीचा सचिव मी. (वाणिज्य शाखेचा पदवीधर, शिवाय ऱ्हस्वदीर्घ चुकत नाही, एवढ्यावर निवड झाली.) तिमाही अहवाल लिहिण्यापूर्वी मी स्वतः जागेवर गेलो. टाकीच्या पायथ्याशी, आमच्या परसाच्या कुंपणालगत, माती ओली होती. मी लिहिले : 'योजनेचे पाणी मुरत आहे.' सरपंचबाई म्हणाल्या, "भाऊसाहेब, साधं 'गळती' लिहा की." मी त्यांस समजावले की गळती म्हणण्यास भोक दिसावे लागते, भोक मला दिसलेले नाही, मुरणे दिसले आहे, आणि न पाहिलेले मी लिहीत नाही.

वरच्या कार्यालयात ते वाक्य वाचताच दुसरा हप्ता थांबला आणि चौकशी अधिकारी जीपमधून उतरले. (कुठेतरी पाणी मुरते आहे, असे लोक पैसे खाल्ल्याच्या अर्थानेही म्हणतात, हे मला ठाऊक आहे; परंतु मी 'कुठेतरी' लिहिले नव्हते, जागा दिली होती.) अधिकाऱ्यांनी विचारले, "कोणी मुरवलं?" मी म्हणालो, "जमिनीनं." ते त्यांनी टिपून घेतले व पुढचा प्रश्न टाकला, "जमीन कोणाच्या नावावर आहे?" टाकी बांधणारा ठेकेदार तेव्हापासून मला पाहून रस्ता बदलतो. शेवटचे बोलला ते एवढेच, "भाऊसाहेब, तुमच्या व्याकरणापायी मी खडी फोडायला जायचो."

मी मात्र निश्चिंत आहे. पुढचे दिवस कसे येतील सांगता येत नाही. पाऊस वेळापत्रक पाळत नाही आणि सरकारी हप्ता तर त्याहूनही नाही. म्हणून नळ येताच मी परसात जमिनीखाली दहा हजार लिटरचा हौद बांधला असून तो आमच्या नळाने रीतसर भरतो. (आतून गिलावा आपण सांगितल्याप्रमाणे दोनदा न करता एकदाच केला, दुसरा मला पुनरुक्ती वाटला.) सौ. विचारते, "ही तयारी दुष्काळाची की महापुराची?" मी म्हटले, दोहोंची. रोज सकाळी पाणी चार बोटे उतरलेले दिसते, ते बाष्पीभवन होय. (हौदाला झाकण आहे, हा सौ.चा आक्षेप ग्राह्य धरलेला नाही.)

सोमवारी अधिकारी टाकीचा पायथा खणणार आहेत. माझा प्रत्येक शब्द खरा ठरेल, याविषयी तिळमात्र शंका नाही.

आपला नम्र मेहुणा

ता.क. पाकीट बंद करण्यापूर्वी प्लंबर येऊन गेला. त्याने वीतभर खणले. टाकीचा पायथा ठणठणीत कोरडा आहे. ओल कुंपणाखालून येते, आमच्या बाजूने. पाणी मुरतच होते, एवढे नोंदवून ठेवावे.

ता.क. दुसरा : शनिवारच्या पहिल्या गाडीने आपली थापी व गळतीवरचे सिमेंट घेऊन यावे. ताईसही आणावे, कोणी विचारल्यास तिला माहेरची आठवण आली म्हणावे. (हौदास जिना नाही, शिडी आहे. डाव्या गुडघ्यास आधीच कल्पना द्यावी.)

ता.क. तिसरा : पाच आळ्यांचा हप्ता माझ्या एका वाक्यापायी अडू नये, म्हणून सुधारित अहवाल आजच लिहून सरपंचबाईंकडे नेला : 'योजनेचे पाणी सचिवाच्या परसात मुरत आहे.' त्यांनी तो दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "भाऊसाहेब, आता तरी 'गळती' लिहा."

भोक अजून दिसलेले नाही. 'गळती' लिहिले आहे.