तुरीच्या दाण्याएवढं तोंड

५ जानेवारी, रविवार
आज गुलबर्ग्यात पाय टाकला. आता माझं आणि चैत्राचं गाव एकच! ती इथं बी.एड. करायलीय. तिच्यापायी मी बीदरचं कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सोडलं म्हणून गावी खटकचिंचोळीत आमचे बाबा अजून बोलत न्हाईत. न बोलू देत.

नोकरी बी कशी, तर गावाबाहेरच्या डाळमिलीत तूर चावायची! खोटं न्हाई. गाडी आली की पोत्यातला दाणा दाढेखाली धरायचा. कट्‌ वाजला तर वाळलेला, दबला तर ओला, गाडी परत. मालक आप्पाराव म्हणाले, ओल मोजायचं मशीन आणलंय बाबा, पण माझा भरवसा दाढेवरच. आवाराच्या टोकाला खोली दिलीय. खिडकी न्हाई, पण दार भक्कम, आतून वरच्या अंगाला लोखंडी कडी.

माझ्याआधी हे काम काशप्पा करायचा. एकदा त्याचा जबडा मिटला, तो उघडलाच न्हाई. आता फाटकापाशी बसून नळीनं पेज पितो. हमाल म्हणाले, प्रेमानंदअण्णा, आपलं पुढचं बघून घ्या. सगळ्यांबरोबर मी बी हसलो.

७ जानेवारी, मंगळवार
डावीकडं अगदी मागं हिरडी टोचायलीय. आप्पाराव खूश. म्हणाले, अक्कलदाढ यायलीय, कॉलेजात न्हाई आली ती मिलीत आली! ही आली की माणूस पक्का पारखी होतो म्हणे. काढली की पारख गेली, म्हणून इथं कुणी काढत न्हाई. काशप्पा मात्र माझी बाही ओढायला लागला. एक बोट स्वतःच्या गालावर, एक बोट शहराच्या रस्त्याकडं. मी बाही सोडवून घेतली.

संध्याकाळी चैत्राशी फोनवर भांडण. तिला एक स्थळ आलंय, संक्रांतीला हो का न्हाई ते सांगायचंय. मी म्हटलं, सांग न्हाई. ती म्हणाली, बघू. बघू! डोकंच फिरलं. ओरडलो, तू स्वतः माझ्या दारात येईस्तोवर मी तोंड उघडणार न्हाई. फोन भिंतीवर आपटला. काचेचा चुरा झाला.

९ जानेवारी, गुरुवार
तोंडात तीन बोटं उभी मावायची, आता दोनच. झाडणाऱ्या नागूबाईनं तव्यावर तुरीचा कोंडा तापवून पोटली करून दिली. म्हणाली, शेक बाळा, आमच्या मिलीचं औषध हेच. बरं वाटलं. औषधाच्या दुकानातला पोरगा मात्र वैतागला. म्हणाला, शेकू नका, सूज आत उतरंल, दाताच्या डॉक्टरकडं जावा. डॉक्टर दाढ काढणार आणि माझी नोकरी जाणार, मग चैत्राच्या बापाला काय तोंड दाखवू? त्यानं दिलेल्या दोन गोळ्यांत ठणका थांबला. उरलेल्या ठेवून दिल्या.

११ जानेवारी, शनिवार
एक बोट.
आरशात बघितलं. मागं हिरडी फाटलीय, दोन बारीक ओठांसारखी, आणि मधी दाढ, आडवी, पांढरी. माझं तोंड मिटतंय तसं ते दुसरं तोंड उघडायलंय. त्यातून कुजकी चव येते.

काशप्पा मला रिक्षाकडं ओढायला लागला. सगळे हमाल बघायलेत! मी ढकललं. म्हातारा पोत्यांवर पडला. खोलीत येऊन कडी लावली. हे तोंड कुणाला दाखवायचं न्हाई.

१२ जानेवारी, रविवार
गळ्याखाली दगडासारखं घट्ट. थुंकी गिळवत न्हाई. बोट जात न्हाई, तुरीचा एक दाणा तेवढा जातो.
आप्पाराव दाराबाहेरून म्हणाले, आम्ही सगळे गाणगापूरला संगमावर आंघोळीला चाललोय, फाटकावर काशप्पा तेवढा आहे, बुधवारी येतो, मग डॉक्टर बघू. हो म्हणालो. आवाज माझा वाटला न्हाई. गाडी गेली.

१३ जानेवारी, सोमवार
आडवं झालं की श्वास बंद. बसून लिहितोय.
दाणा जात न्हाई.
कडीपाशी जायला उठलो — पडलो. हात तिथवर —
आतलं तोंड हलतंय. मी हलवत न्हाई.

१४ जानेवारी
चैत्रा. दारात चैत्रा!
तिळगूळ आणलाय म्हणते. आले बघ प्रेमा तुझ्या दारात, जिंकलास. आता नुसतं माझं नाव घे, आत्ताच्या आत्ता घरी जाऊन न्हाई म्हणून सांगते.
नुसती घरघर. दारापलीकडं पोचत न्हाई —
तांब्या उचलला, दारावर फेकला. ती म्हणाली, अजून भांडी आपटायलास? फोन आपटून झाला न्हाई का?
न्हाई गं —
काशप्पा आलाय. दार बडवायलाय. ती विचारायली, अज्जा, आजारी आहे का हा? त्याचं ऊं — ऊं — तिचा हात धरला वाटतं, ती किंचाळली. घाबरली त्याला —
रडायलीय. एवढा राग, प्रेमा? बरं. मग मी हो म्हणते. तिळगूळ उंबऱ्यावर —
चपला. लांब —
काशप्पा अजून बडवायलाय.
वही दाराखालून सरकवतो. चार हातांवर आहे दार. चैत्रा थांब, राग न्हाई गं, मी बोलायलोय, मी केव्हाचा बोल