कॉम्प्युटरला कोण सांगतं

शनिवार, १७ ऑगस्ट १९९६
आर. के. पुरम, दिल्ली

आज ऑफिसतर्फे फरीदाबादच्या मुलींच्या शाळेत कॉम्प्युटरची ओळख करून द्यायला गेले आणि पोचते न पोचते तोच लाइट गेली. शाळेतला एकुलता एक कॉम्प्युटर भरतकामाच्या कव्हराखाली तसाच झाकलेला. प्रिन्सिपलबाई ओशाळल्या. म्हटलं, चलो, कॉम्प्युटरशिवायच करू.

दहावीच्या आठ मुली ओळीत उभ्या केल्या. शेजारच्या दोघींनी उंची बघायची, उंच असेल तिने उजवीकडे जायचं. ओळ संपली की पुन्हा पहिलीपासून. कॉम्प्युटर यादी अशीच लावतो, असं सांगितलं. दुसऱ्या फेरीत सविता नावाची मुलगी म्हणाली, "मॅडम, सबसे लंबी तो आखिर में पहुँच गई. उससे फिर क्यों पूछना?"

बिल्कुल बरोबर! मी हे कॉलेजात पुस्तकातून पाठ केलं होतं.

मग तिने विचारलं, "कॉम्प्युटर को ये पता है?"

"नहीं, बताना पड़ता है."

"कौन बताता है?"

"हम जैसे लोग," मी म्हणाले. मान डोलावून ती ओळीत परत गेली. तेवढ्यात लाइट आली, कव्हर निघालं, सगळ्या पडद्याभोवती जमल्या. सविता मागेच राहिली.

हम जैसे लोग! असं कसं गेलं माझ्या तोंडून? ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "बरोबरच सांगितलंस की." बरोबर कुठे? कॉम्प्युटरला काय सांगायचं, ते दोन मिनिटांपूर्वी तिनेच तर सांगितलं होतं. मी फक्त "तुम" म्हणायचं होतं.